छोट्या कारखान्याचं पर्यावरण : पहिल्या वर्षात काय करायचं

एमआयडीसीत शेड मिळाली, मशिनरी बसली, पहिलं जॉबवर्कही आलं. मग कुणीतरी विचारतं, "कन्सेंट (प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती) काढलंत का?" बहुतेक नव्या उद्योजकांची पर्यावरणाशी ओळख अशी होते आणि पुढेही ती कागदापुरतीच राहते. एजंट फॉर्म भरतो, मालक सही करतो, फाइल कपाटात जाते आणि गटारात जायचं ते जातच राहतं.

हा लेख नुकताच कारखाना सुरू केलेल्यांसाठी आहे. "आजपासून पर्यावरणाचं तू बघ" असं सांगून ज्यांच्या हातात फाइल दिली गेली आहे, अशा तरुण इंजिनिअर, सुपरवायझरांसाठीही आहे. उदाहरण म्हणून मी इलेक्ट्रोप्लेटिंगचं, म्हणजे विजेच्या साहाय्याने वस्तूंवर धातूचा मुलामा चढवणारं, शेड घेतलं आहे. ॲसिड, जड धातू, भरपूर पाणी, वाफा आणि स्लज (सांडपाण्यातून निघणारा गाळ), सगळं तिथे एका छपराखाली सापडतं. तुमची फाउंड्री असेल, डेअरी असेल किंवा पावडर कोटिंग असेल, तर रसायनांची नावं बदलतील, कामाचा क्रम फारसा बदलणार नाही.

माझं म्हणणं एकच आहे. कारखान्यातून बाहेर पडणारं प्रदूषण हा बहुतांशी पैसे मोजून आणलेलाच माल असतो. त्यामुळे काम सुरू करायचं ते तो माल जिथून निसटतो तिथून. ईटीपी (सांडपाणी शुद्ध करणारी यंत्रणा), झाडं आणि प्रमाणपत्रं त्यानंतर.

आधी आपला गट आणि आपलं कन्सेंट वाचा

महाराष्ट्राने पाण्याच्या प्रदूषणाविरुद्धचा कायदा १९६९ साली केला आणि त्याखाली १९७० मध्ये राज्याचं प्रदूषण नियंत्रण मंडळ उभं राहिलं. केंद्राचा जल कायदा १९७४ चा आणि हवेचा कायदा १९८१ चा. भोपाळच्या वायुकांडानंतर, १९८६ मध्ये, पर्यावरण संरक्षण कायदा आला. तुमच्या कन्सेंटच्या कागदावर हीच नावं दिसतील.

किती प्रदूषण होऊ शकतं त्यावरून उद्योगांचे रेड (सर्वाधिक), ऑरेंज, ग्रीन, व्हाइट (सर्वांत कमी) असे मुख्य गट आहेत. प्लेटिंग रेडमध्ये येतं. यादी अधूनमधून सुधारली जाते, म्हणून शेजारच्या कारखान्याचा गट विचारून भागवू नका, मंडळाची चालू यादी बघा. बांधकामाला किंवा मशिनरीला हात लावण्याआधी उभारणीची संमती घ्यायची आणि उत्पादन सुरू करण्याआधी चालवण्याची. अर्ज मंडळाच्या पोर्टलवर होतो आणि फी भांडवली गुंतवणुकीवर ठरते.

कन्सेंट हातात आलं की ते शेवटच्या पानापर्यंत स्वतः वाचा. दिवसाला किती पाणी वापरायचं, किती सांडपाणी सोडायचं, कुठे सोडायचं, त्यात काय किती चालेल, वर्षाला किती आणि कोणता घातक कचरा निघेल, कोणतं उत्पादन किती काढायचं, हे सगळं त्यात असतं. एजंटने दुसऱ्या कुणाचा अर्ज पुढे ठेवून तुमचा भरला असेल तर ते इथेच कळतं. निकेलचं काम करणाऱ्याच्या कन्सेंटमध्ये फक्त झिंक लिहिलेलं असलं तर उद्या अडचण मालकाची होते. अशी तफावत दिसली की दुरुस्तीचा अर्ज लगेच करा.

शेडचा नकाशा काढा, गटारांसकट

कागद घ्या आणि शेडमधून पाणी कुठून येतं, कुठून जातं ते हाताने काढा. प्रत्येक बाथ (मुलामा देणाऱ्या द्रावणाची टाकी), प्रत्येक धुलाईची टाकी, प्रत्येक नळ आणि प्रत्येक जाळी त्यात आली पाहिजे. मग बादलीभर पाणी ओतून बघा की ती जाळी खरंच ईटीपीच्या टाकीला जोडलेली आहे की पावसाळी गटाराला. जुनी शेड विकत किंवा भाड्याने घेतली असेल तर हे करायलाच हवं. आधीच्या माणसाने फरशीखाली काय करून ठेवलंय ते तुम्हाला कुणी सांगत नाही.

पावसाळी गटारात प्रक्रियेचं एक थेंबही पाणी जाता कामा नये. ते गटार नाल्याला मिळतं, नाला नदीला, आणि नदीकाठी विहिरी असतात.

सायनाइडचा बाथ वापरत असाल तर त्याचं पाणी आणि ॲसिडचं पाणी यांचे मार्ग पहिल्या टाकीपासून वेगळे ठेवा. दोन्ही एकत्र आली तर हायड्रोजन सायनाइड वायू तयार होतो आणि माणूस जागच्या जागी दगावतो. शक्य असेल तर सायनाइडशिवायच्या झिंकवर जा. आज तो पर्याय सहज मिळतो.

मोजायला एक आठवडा द्या

मीटर बसवायला वेळ लागणार असेल तर बादली आणि घड्याळ घ्या. १५ लिटरची बादली एका मिनिटात भरत असेल, तर तो नळ दहा तासांच्या पाळीत ९,००० लिटर पाणी सोडतो. प्लेटिंगच्या शेडमध्ये असे तीन-चार नळ अर्धवट उघडे असतात आणि जेवणाच्या सुट्टीतही ते कुणी बंद करत नाही.

त्या आठवड्यात एका वहीत रोज चार गोष्टी लिहा: किती पाणी आलं, किती केमिकल टाकलं, किती माल निघाला आणि किती युनिट वीज गेली. आठवड्याच्या शेवटी मालाच्या किलोमागे किंवा चौरस फुटामागे पाणी, केमिकल आणि वीज काढा. तीनच आकडे होतील, पण पुढची सगळी कामं त्यांच्यावर तोलायची आहेत. मोठं सॉफ्टवेअर लागत नाही. वही बाथच्या जवळ असावी आणि ती काम करणाऱ्याने भरावी, एवढं पुरे.

बाथपाशी उभे राहा

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या, कारण प्रदूषण इथे जन्मतं. निकेलच्या बाथमधून जिग, म्हणजे जॉब (मुलामा द्यायच्या वस्तू) टांगायची चौकट, वर येतो. जॉबवरून हिरवं द्रावण ओघळत असतं. कामगार तो थेट शेजारच्या पाण्याच्या टाकीत बुडवतो, दोनदा हलवतो आणि पुढे नेतो. जॉबला चिकटून बाथबाहेर जाणाऱ्या या द्रावणाला ड्रॅग-आउट म्हणतात. तुम्ही विकत आणलेलं निकेल सल्फेट त्यात आहे. नळाचं पाणी ते ईटीपीकडे नेतं आणि तिथे तेच निकेल काढून टाकण्यासाठी तुम्ही कॉस्टिक सोडा विकत आणता. मग त्याचा स्लज होतो आणि तो उचलायलाही पैसे देता. एकाच मालासाठी खिशात तीनदा हात घालावा लागतो.

पहिला उपाय फुकटचा आहे. जिग बाथच्या वर दहा सेकंद धरायचा आणि एका कोपऱ्याकडे किंचित कलता ठेवायचा, म्हणजे द्रावण एका टोकाला येऊन टपकतं. हाताने धरून खांदे भरून येतात, म्हणून बाथवर आडवी दांडी लावून द्या, जिग तिच्यावर टांगता येतो. जॉब लावतानाही वाट्या, खोलगट भाग उपडे राहतील असे लावा. दोन टाक्यांच्या मधल्या फटीवर बाथकडे उतार असलेली प्लास्टिकची पट्टी बसवा, म्हणजे टपकणारं फरशीवर न पडता परत बाथमध्ये जातं.

दुसरा उपाय एका टाकीचा. बाथनंतरची पहिली टाकी साध्या, न वाहणाऱ्या पाण्याची ठेवा. निकेलचा बाथ साधारण ५० ते ६० अंशांवर चालतो, त्यामुळे त्यातलं पाणी सतत उडत असतं आणि पातळी खाली जाते. ती भरून काढायला नळाचं पाणी न घालता या पहिल्या टाकीतलं पाणी घाला. धातू घरी परत येतो. त्यासाठी ही टाकी डीएम (क्षार काढलेल्या) किंवा आरओच्या पाण्याने भरलेली हवी, नाहीतर बोअरच्या पाण्यातले क्षार बाथमध्ये साठत जातील आणि प्लेटिंगवर डाग दिसतील. बाथ गाळायचा फिल्टर आणि कार्बन ट्रीटमेंटही वेळच्या वेळी हवी, कारण धातूबरोबर घाणही परत येते.

तिसरा उपाय उलट्या धुलाईचा. दोन किंवा तीन टाक्या एकापुढे एक ठेवा. जॉब पहिलीतून शेवटच्या टाकीकडे जातो आणि ताजं पाणी शेवटच्या टाकीत सोडलं की ते उलटं पहिलीकडे वाहतं. जॉबला शेवटचं पाणी सर्वात स्वच्छ मिळतं आणि तेच पाणी दोन-तीनदा वापरलं जातं. एका वाहत्या टाकीला जेवढं पाणी लागतं त्याच्या दहाव्या हिश्श्यात, कधी त्याहूनही कमीत, तेवढीच स्वच्छ धुलाई होते. पाण्याबरोबर ईटीपीचा आकारही कमी होतो. म्हणून माझा आग्रह आहे की ईटीपीची ऑर्डर द्यायच्या आधी टाक्या बदला. बहुतेक जण उलटं करतात आणि गरजेपेक्षा मोठा ईटीपी विकत घेऊन बसतात.

आता इथली खरी अडचण. तुमच्या कामगाराला जिगमागे पैसे मिळत असतील तर तो दहा सेकंद थांबणार नाही. का थांबावं त्याने? भिंतीवर कितीही पोस्टर लावा, थांबणं म्हणजे त्याच्या मजुरीतून पैसे जाणं. वाचलेल्या निकेलमधला वाटा त्याला द्या किंवा दिवसाचा आकडा थोडा कमी ठरवून मजुरी तीच ठेवा. पर्यावरण व्यवस्थापनाच्या प्रशिक्षणांमध्ये या गोष्टीवर फारसं कुणी बोलत नाही आणि मला ते खटकतं. नदीत किती निकेल जाणार ते जिग धरणाऱ्या हातावर ठरतं आणि तो हात किती घाई करणार ते मालकाने ठरवलेल्या दरावर.

त्याच हातांची काळजीही याच कामात येते. क्रोमच्या बाथवर काम करणाऱ्यांच्या हातांवर व्रण होतात आणि वर्षानुवर्षं वाफा नाकात गेल्या तर नाकाच्या पडद्याला भोक पडतं. बाथच्या काठाला शोषण नळी आणि पुढे स्क्रबर (वाफा पाण्याने धुऊन काढणारं यंत्र) लावा, वाफ दाबणारं रसायन वापरा, हातमोजे फाटले की त्याच दिवशी नवे द्या. सूचना कामगाराच्या भाषेत सांगा. बऱ्याच शेडमध्ये ती हिंदी किंवा भोजपुरी असते.

मग ईटीपी

क्रोमचं पाणी वेगळं जमवा. त्यातलं सहा-संयुजी क्रोमियम जसं आहे तसं चुन्याने खाली बसत नाही. आधी ॲसिड घालून पीएच २ ते ३ वर आणायचा आणि सोडियम मेटाबायसल्फाइट घालायचं. पिवळं पाणी हिरवट झालं की क्रोमियम तीन-संयुजी झालं असं समजा, पण रंगावर विसंबू नका, चाचणीचं किट वापरा. मग चुना किंवा कॉस्टिकने पीएच साधारण ८ ते ८.५ वर नेला की ते खाली बसतं. निकेलला त्याहून वर, १० च्या आसपास जावं लागतं. म्हणून सगळी पाणी एकाच टाकीत ओतून एकदाच चुना मारणारा ईटीपी कागदावर ठीक दिसतो आणि प्रत्यक्षात एखादा धातू सोडून देतो. शेवटी पीएच परत मर्यादेत आणायला विसरू नका.

नदीनाल्यात सोडायच्या सांडपाण्याच्या सर्वसाधारण मानकांनुसार लिटरमागे सहा-संयुजी क्रोमियम ०.१ मिलिग्रॅम, निकेल ३ मिलिग्रॅम आणि जस्त ५ मिलिग्रॅम यांच्या वर चालत नाही. तुमच्या कन्सेंटमध्ये याहून कडक आकडे असतील तर ते पाळायचे.

तुमच्या एमआयडीसीत सामाईक प्रक्रिया केंद्र, म्हणजे सीईटीपी असेल तर सभासद व्हा, पण आपलं पाणी त्यांच्या प्रवेश-मर्यादेत आणूनच द्या. सीईटीपीतली जैविक प्रक्रिया जिवाणूंवर चालते. जड धातू भरपूर आले की ते मरतात आणि मग सगळ्या वसाहतीचं पाणी कच्चंच बाहेर पडतं. तारापूरच्या सांडपाण्याविरुद्ध मच्छीमारांच्या संघटनेने राष्ट्रीय हरित लवादाकडे दाद मागितली आणि २०२२ मध्ये लवादाने सीईटीपीसह तिथल्या अनेक कारखान्यांना कोट्यवधींची भरपाई लावली. सीईटीपीला पाणी दिलं म्हणून कारखानदाराची जबाबदारी संपत नाही.

स्लज, रिकामे ड्रम आणि जुनं तेल

२०१६ च्या घातक कचरा नियमांमध्ये प्लेटिंगचा स्लज येतो, रसायनांचे रिकामे ड्रमही येतात आणि वापरलेलं तेलही. ड्रम भंगारवाल्याला विकायची पद्धत सर्रास आहे. पुढे त्यात कुणीतरी पिण्याचं पाणी साठवतं. ड्रम अधिकृत पुनर्वापरकर्त्यालाच द्या.

स्लज फिल्टर प्रेसमधून काढून आणि वाळवून पक्क्या फरशीवर, छपराखाली, लेबल लावलेल्या पिशव्यांत ठेवा. ओला स्लज पाठवलात तर पाण्याच्या वजनाचेही पैसे मोजाल. साठवण साधारणपणे ९० दिवसांपर्यंतच करता येते. नोंद फॉर्म ३ मध्ये ठेवायची, गाडीबरोबर फॉर्म १० चा मॅनिफेस्ट (कचरा कुणाकडून कुठे चालला त्याचा कागद) द्यायचा आणि वार्षिक विवरण फॉर्म ४ मध्ये ३० जूनपर्यंत भरायचं. राज्यात तळोजा, रांजणगाव आणि बुटीबोरी इथे घातक कचऱ्याची विल्हेवाट केंद्रं आहेत. तुमच्या भागासाठीच्या केंद्राचं सभासदत्व पहिल्या महिन्यातच घ्या. स्लजमध्ये निकेल चांगलं असेल तर ते काढून घेणारे अधिकृत उद्योगही आहेत.

मॅनिफेस्टची पोहोच-प्रत परत आली का ते बघा. ती येत नसेल तर गाडी कुठे रिकामी झाली हे तुम्हाला माहीत नाही असा त्याचा अर्थ होतो. राजस्थानात उदयपूरजवळच्या बिछडी गावात १९८० च्या दशकाच्या शेवटी एच-ॲसिड (रंग बनवायला लागणारं रसायन) काढणाऱ्या कारखान्यांनी स्लज उघड्यावर टाकला आणि तो जमिनीत मुरला. विहिरींचं पाणी तपकिरी झालं. ते माणसांना पिता येईना, जनावरांना पाजता येईना आणि शेतीलाही चालेना. कारखाने बंद झाल्यावरही विहिरी तशाच राहिल्या. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या खटल्यात, जो प्रदूषण करतो तोच निस्तरण्याचा खर्च देईल, असं ठाम सांगितलं. त्या गावाचं नाव प्रत्येक नव्या कारखानदाराला ठाऊक असावं असं मला वाटतं.

वीज आणि हवा

हे थोडक्यात सांगतो, कारण यातलं बरंचसं तुमचा इलेक्ट्रिशियन आनंदाने करून देईल. सुट्टीच्या दिवशी शेड शांत असताना कॉम्प्रेसर चालू करा आणि फुसफुस ऐकत पाइपलाइनवरून फिरा. ७ बारच्या लाइनवर ३ मिलिमीटरचं एक भोक साधारण ३ किलोवॅट खातं, म्हणजे दहा तासांत ३० युनिट. दाब गरजेपेक्षा १ बार जास्त असेल तर तो उतरवल्यावर कॉम्प्रेसरची वीज साधारण ६-७ टक्के वाचते. गरम बाथवर झाकण किंवा तरंगते प्लास्टिकचे गोळे ठेवा, टाकीला बाहेरून इन्सुलेशन करा, रेक्टिफायरचे (बाथला डीसी वीज देणाऱ्या यंत्राचे) काळवंडलेले बसबार, म्हणजे वीज नेणाऱ्या धातूच्या पट्ट्या, घासून घ्या. छपरावर सोलर जरूर बसवा, पण गळती बुजवल्यानंतर, म्हणजे कमी पॅनेलमध्ये भागेल.

ग्राहकाकडून प्रश्नावली येईल तेव्हा

शेअर बाजाराची नियामक असलेल्या सेबीने २०२२-२३ पासून बाजारमूल्याने पहिल्या हजार नोंदणीकृत कंपन्यांना पर्यावरण आणि सामाजिक जबाबदारीचा सविस्तर अहवाल बंधनकारक केला. त्या कंपन्या आता आपल्या पुरवठादारांना पाणी, वीज आणि कचऱ्याचे आकडे विचारू लागल्या आहेत. चाकणच्या व्हेंडरकडून ती प्रश्नावली भोसरीतल्या जॉबवर्कवाल्यापर्यंत येते. युरोपला लोखंडी नटबोल्ट निर्यात करणाऱ्यांना तिथल्या कार्बन शुल्कासाठीही आकडे द्यावे लागतात. तुमची वही भरलेली असेल तर हे काम अर्ध्या दिवसाचं आहे.

मात्र एवढे आकडे मागणारा ग्राहक दर ठरवताना नगामागे पैसा-पैसा कापत असेल, तर तेही त्याला स्पष्ट सांगा. ईटीपी नीट चालवण्याचा खर्च कोटेशनमध्ये वेगळ्या ओळीत दाखवा. शेजारचा ईटीपी बंद ठेवून स्वस्तात काम देतो म्हणून त्याला ऑर्डर देणारी कंपनी त्या प्रदूषणात भागीदार असते. छोट्या उद्योजकांनी हे एकेकट्याने बोलणं अवघड आहे, म्हणून वसाहतीच्या संघटनेतून बोला.

प्रमाणपत्रांपैकी लघुउद्योगांसाठीच्या केंद्र सरकारच्या झेड (झिरो डिफेक्ट, झिरो इफेक्ट) योजनेपासून सुरुवात करा. ब्राँझ, सिल्व्हर, गोल्ड अशा तिच्या पायऱ्या आहेत. प्रमाणपत्राच्या खर्चावर सूक्ष्म उद्योगांना ८० टक्के, लघुउद्योगांना ६० टक्के आणि मध्यम उद्योगांना ५० टक्के अनुदान ठेवलेलं आहे. आयएसओ १४००१ हे पर्यावरण व्यवस्थापनाचं प्रमाणपत्र ग्राहकाने मागितल्यावर घेतलं तरी चालतं.

सीएसआरबद्दल, म्हणजे नफ्यातून समाजासाठी करायच्या सक्तीच्या खर्चाबद्दल, नवीन लोक हमखास विचारतात. २०१३ च्या कंपनी कायद्यानुसार तो कंपनीची निव्वळ मालमत्ता ५०० कोटी, उलाढाल १,००० कोटी किंवा निव्वळ नफा ५ कोटी रुपये असेल तर लागू होतो. तुम्हाला बहुधा नाही. लागू झाला तरी ईटीपीचा खर्च त्यात धरता येत नाही, कारण ते तुमचं कायदेशीर कर्तव्य आहे. झाडं लावा, जरूर लावा, पण झाडांनी निकेल थांबत नाही.

वर्ष संपताना

मार्चअखेरच्या आर्थिक वर्षाचं पर्यावरण विवरण, म्हणजे फॉर्म पाच, ३० सप्टेंबरपर्यंत मंडळाकडे द्यायचं असतं. त्यात उत्पादनाच्या एककामागे पाणी आणि कच्चा माल किती लागला ते विचारतात. मागच्या वर्षीचे आकडे थोडे इकडेतिकडे करून भरायची वाईट सवय पहिल्याच वर्षी लावून घेऊ नका. वहीतले खरे आकडे भरा आणि पहिल्या आठवड्यातल्या तीन आकड्यांशी ताडून बघा. पाणी घटलं नसेल तर परत बाथपाशी जाऊन उभे राहा.

आणखी एक काम कायद्याने कुणी सांगितलं नसलं तरी करा. तुमच्या शेडच्या उताराला, वसाहतीच्या कडेला, कुणाची तरी विहीर किंवा बोअर असेल. त्या घरी जा, ओळख करून घ्या आणि परवानगी घेऊन पाण्याचा नमुना मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत तपासा, एकदा मे महिन्यात आणि एकदा पावसाळा संपल्यावर. पीएच, विरघळलेले क्षार, निकेल, क्रोमियम आणि जस्त एवढं बघितलं तरी पुरे. अहवालाची एक प्रत त्यांना द्या, एक आपल्या फाइलला लावा आणि तुमचा मोबाइल नंबर त्यांच्याकडे ठेवून या.